कात टाकायला खरखरीत दगड लागतो

प्रश्न थोडक्यात असा: एका अल्टरनेटिव्ह मेटल (जड गिटारच्या मेटलमध्ये इतर शैली मिसळणारं संगीत) बँडमध्ये आठ वर्षं गाणारी, २८ वर्षांची एक वाचक लिहिते. बँडमध्ये चौघं आहेत. गिटारिस्ट तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. ती त्याला दादा म्हणते, कारण पहिल्यांदा माइकसमोर तिला त्यानेच उभं केलं. चार वर्षांपूर्वी त्यांनी पहिला अल्बम स्वतःच्या हिमतीवर काढला, आता दुसऱ्याची जुळवाजुळव चालू आहे. ऑगस्ट २०२५मध्ये डेफटोन्स या अमेरिकन बँडचा 'प्रायव्हेट म्युझिक' आला आणि तो ऐकून तिला वाटलं, आता आपणही मोठं व्हायला हवं. तिने घरी बसून सिंथवर, म्हणजे सिंथेसायझरवर, सहा गाणी पूर्ण केली. हळू आवाजातली, संथ, तिच्या शब्दांत 'प्रगल्भ'. ती तिघांना ऐकवली. ड्रमरला आवडली. बेसवाला काही बोलला नाही. दादाने तिसऱ्या गाण्यात हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "छान आहे गं. पण हा आपला बँड नाही." त्याला तीन आठवडे झाले, तालीम बंद आहे. ती विचारते: "ताई, माझी वाढ होतेय आणि त्याची थांबलीय, असं मला मनापासून वाटतं. त्याला दुखावून बँड माझ्या दिशेने न्यावा, की बँड सोडून एकटीने पुढे जावं?"

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग 'प्रायव्हेट म्युझिक' पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा ऐकला. तुझं सगळं म्हणणं त्या अल्बमवर उभं आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करू या.

तू लिहिलंयस, "त्यांनी आरडाओरडा मागे टाकला, म्हणून ते मोठे झाले." मला तसं ऐकू आलं नाही. अकरा गाणी, जेमतेम बेचाळीस मिनिटं, आणि पहिल्याच गाण्यात गिटार भिंतीसारखी अंगावर येते. सातवं गाणं, 'आय थिंक अबाउट यू ऑल द टाइम', हळवं आहे खरं. पण ते संपतं आणि लगेच 'मिल्क ऑफ द मॅडोना' उसळतं. त्याच्यामागून 'कट हँड्स', ज्यात त्यांचा गायक चिनो मोरेनो अक्षरशः शब्द फेकून मारतो. पन्नाशीतला माणूस आहे हा! ओरडणं त्याने सोडलेलं नाही. ओरडायचं कुठे आणि श्वासाइतकं हळू कुठे गायचं, हे त्याला आता जास्त नेमकं कळतं, एवढंच.

मग तुला तो अल्बम मऊ का वाटला? मला वाटतं, तू गाणारी आहेस आणि गाणारी म्हणून ऐकलंस. तुझा कान आवाजाच्या मागे गेला. त्यात चूक काहीच नाही, मी बेस वाजवणारी, माझा कान खाली जातो. पण एकदा असं करून बघ: पूर्ण अल्बम फक्त स्टीफन कार्पेंटरच्या गिटारचं बोट धरून ऐक. आवाज आला की त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस. तू ज्या जागांना 'मोकळ्या' म्हणतेस, तिथे खाली केवढं वजन आहे ते कळेल. आवाज हलका वाटतो, कारण त्याच्याखालचं जड आहे. ती गिटार काढून टाकली तर तोच आवाज नुसता पातळ वाटेल.

आता जरा मागे जाऊ, कारण या बँडची वाढ कशी झाली ते तुझ्या प्रश्नाला थेट लागू पडतं.

सॅक्रामेंटोतली ही पोरं १९८८ला एकत्र आली. मोरेनोला द क्युअर, डेपेश मोड असलं धुकट, उदास संगीत प्रिय. कार्पेंटर पक्का मेटलवाला. १९९५च्या आणि १९९७च्या अल्बमवर कार्पेंटरची गिटार सहा तारांची आहे. २०००च्या 'व्हाइट पोनी'च्या सुमाराला ती सात तारांची झाली, २०१०च्या 'डायमंड आइज'वर आठ, २०२०च्या 'ओम्स'वर नऊसुद्धा. नेहमीच्या सुरावटीत सहा तारांच्या गिटारची सगळ्यात खालची तार साधारण ८२ हर्ट्झवर (सेकंदाला ८२ कंपनं; आकडा जितका कमी, तितका सूर खालचा) वाजते, सात तारांची ६२वर, आठ तारांची ४६वर. बेस गिटारची खालची तार ४१ची. म्हणजे हा माणूस वर्षानुवर्षं खाली खाली उतरत जवळजवळ बेसच्या दारात येऊन उभा राहिला. आणि त्याच वर्षांत मोरेनोचा आवाज वर आणि हलका होत गेला. 'व्हाइट पोनी'पासून तो स्वतःही गिटार हातात घेऊ लागला, सूर धूसर करू लागला. दोघंही आपापल्या आवडीच्या दिशेने गेले, एकमेकांपासून लांब. त्या दोघांच्या मधे जी पोकळी तयार झाली, तिथे आजचा डेफटोन्सचा आवाज राहतो. फ्रँक डेलगाडोचे सिंथचे थर त्याच पोकळीत बसतात.

तू ज्याला त्यांची प्रगती म्हणतेस ती मला तरी या अंतरात दिसते. एकाने दुसऱ्याला आपल्या बाजूला ओढून आणलं असतं, तर हे अंतर उरलंच नसतं.

आणि हे काही सुखासुखी झालं नाही. २००५मध्ये अल्बम अर्धवट असताना मोरेनो 'टीम स्लीप' या आपल्या दुसऱ्या प्रकल्पाकडे निघून गेला. काम रखडलं, बँड मोडतो की काय अशी वेळ आली, आणि तो अल्बम २००६च्या ऑक्टोबरअखेर बाहेर पडला. पुढे नोव्हेंबर २००८मध्ये बेसिस्ट ची चेंगला मोटार अपघात झाला. तो कधीच पूर्ण शुद्धीवर आला नाही आणि एप्रिल २०१३मध्ये गेला. त्या वेळी जवळपास तयार असलेला अल्बम त्यांनी बाजूला ठेवला, सर्जिओ वेगाला बेसवर घेतलं, सगळे एका खोलीत बसले आणि थोड्या काळात नवीनच अल्बम केला, तो 'डायमंड आइज'. मी बेस वाजवते म्हणून असेल, पण तो ऐकताना मला आजही गाण्यांच्या आधी ती खोली दिसते.

मग २०१६चा 'गोर' आला. कार्पेंटरने तेव्हा मुलाखतीत उघडपणे सांगितलं की सुरुवातीला त्याला त्या अल्बमवर वाजवायचीच इच्छा नव्हती. ही दिशा त्याची नव्हती. तुझ्या दादाचं वाक्य आठवतंय ना? जवळपास तेच. त्या क्षणी मोरेनोने तुझ्यासारखा निष्कर्ष काढला असता, की याची वाढ थांबलीय, तर काय झालं असतं? कार्पेंटर वाजवायला आला. चार वर्षांनी 'ओम्स'वर तो नऊ तारा घेऊन पुन्हा मधोमध उभा आहे. आणि त्याच्या पुढचा अल्बम म्हणजे तू ऑगस्टपासून ज्याच्या प्रेमात आहेस तो.

एक गोष्ट तू लक्षात घेतली नाहीस असं वाटतं. 'प्रायव्हेट म्युझिक' हा त्यांचा दहावा अल्बम आहे, एकत्र आल्यावर ३७ वर्षांनी केलेला. तुमचा बँड आठ वर्षांचा आणि अल्बम दुसरा. डेफटोन्स आठ वर्षांचे होते तेव्हा त्यांचा एकच अल्बम आलेला होता आणि तो चांगलाच ओबडधोबड होता. 'व्हाइट पोनी' यायला बारा वर्षं लागली. तू एका मुरलेल्या नात्याचं फळ ऐकलंस आणि ते आपल्याला सहा गाण्यांत, एकटीने, घरी बसून मिळावं असं धरून चाललीस. इच्छा चांगली आहे. मोजमाप मात्र स्वतःवर अन्याय करणारं आहे, आणि दादावरही.

अल्बमचं मुखपृष्ठ तू पाहिलंच असशील: हिरव्या पार्श्वभूमीवर पांढरा साप. आणि तिसऱ्या गाण्याचं नाव 'एक्डिसिस', म्हणजे कात टाकणं. आपल्या भाषेत कात टाकणं म्हणजे नवं होणं, आणि तू तोच अर्थ घेतलायस. पण साप कात कशी टाकतो ते जरा जवळून बघ. त्याचं अंग वाढतं, वरची कातडी वाढत नाही, ती अंगाला आवळायला लागते. कात टाकण्याआधी काही दिवस त्याचे डोळे दुधाळ, निळसर होतात. त्याला नीट दिसत नाही, तो चिडचिडा होतो, आडोशाला जाऊन पडतो. मग डोळे निवळतात आणि तो काहीतरी खरखरीत शोधतो. दगड, खोडाची साल, काहीही. त्यावर तोंड घासतो. ओठापाशी कातडी सुटली की त्याच खरखरीत जागेत अडकवून अंग पुढे काढत जातो आणि कात उलटी होऊन मागे राहते. गुळगुळीत जागी त्याला ती नीट सुटत नाही, तुकडे चिकटून राहतात.

तुमचे हे तीन आठवडे मला त्या दुधाळ डोळ्यांच्या दिवसांसारखे वाटतात. या दिवसांत सोडायचं की राहायचं, असला कुठलाच निर्णय घेऊ नकोस. आणि ज्याला तू अडथळा समजतेस, तो दादा तुझा खरखरीत दगड आहे का, हे आधी तपासून बघ.

आता त्या संध्याकाळकडे येऊ. "छान आहे गं. पण हा आपला बँड नाही." तू यातला 'नाही' ऐकलास. मला 'छान' आणि 'आपला' हे दोन शब्द ऐकू आले. त्याला गाणी वाईट वाटलेली नाहीत. त्याला त्यात 'आपण' सापडले नाहीत. हे मेटल आहे की नाही, असा प्रश्न त्याला पडला असेल असंही मला वाटत नाही. अल्टरनेटिव्ह मेटल हे नावच मुळात ऐंशीच्या दशकाअखेर अशा बँडना चिकटलं, जे मेटलमध्ये फंक, पंक, पोस्ट-पंक, वाट्टेल ते ओतत होते. या घरात सिंथ परका नाही आणि हळू गाणंही परकं नाही. दादा एवढी वर्षं हे संगीत वाजवतोय, त्याला हे तुझ्या-माझ्याहून जास्त ठाऊक असणार.

मग त्याला काय खुपलं असेल? तू गाण्यांबद्दल जे लिहिलंयस त्यावरून माझा एक अंदाज आहे. तू गाणी पूर्ण करून नेलीस. सिंथचा जाड, खालचा थर आहे, त्याच्यावर मशीनचे ड्रम, वर तुझ्या आवाजाचे तीन-चार पदर. तो खालचा थर साधारण ८० ते ३०० हर्ट्झच्या पट्ट्यात पसरलेला असणार, आणि जड गिटारचं अंग तिथेच असतं. म्हणजे त्याची खुर्ची तू आधीच भरून ठेवली होतीस. दादाने तिसऱ्या गाण्यापर्यंत वाट पाहिली. तीन गाण्यांत त्याला बसायला जागा मिळाली नाही, तेव्हा त्याने हेडफोन काढला. तू त्याला नवं गाणं ऐकवलं नाहीस गं, त्याच्याशिवाय पुरं झालेलं गाणं ऐकवलंस. सहा वेळा.

तू हे मुद्दाम केलं नसणार. घरी काम करताना असंच होतं. लॅपटॉपवर रिकामी जागा दिसली की ती भरावीशी वाटते, आणि अर्धं गाणं लोकांना ऐकवायला लाज वाटते. पण बँडला अर्धंच गाणं द्यावं लागतं.

आता बेसवाला. तुझ्या चार पानी पत्रात त्याच्या वाट्याला एकच वाक्य आलंय, "तो काही बोलला नाही." मी अकरा वर्षं बेस वाजवला, म्हणून या वाक्यापाशी थांबले. आमच्या बँडमध्येही गाणारा आणि गिटारवाला असेच दोन टोकांना होते. गाणाऱ्याने एकदा पूर्ण गाणी आणली, गिटारवाल्याने "बघू" म्हणून विषय बंद केला. मी मधे बसले होते. मला त्यातल्या दुसऱ्या गाण्याला काय लागतंय ते स्वच्छ ऐकू येत होतं. मी गप्प बसले, कारण माझं मत म्हणजे कुणाची तरी बाजू झाली असती. चार महिन्यांत बँड संपला. कित्येक वर्षांनी गिटारवाल्याच्या घरी गेले होते, तेव्हा त्याने जुन्या हार्ड डिस्कमधून एक फाइल लावली. त्याच दुसऱ्या गाण्यावर त्याने घरी गिटार वाजवून ठेवली होती. कोरसच्या आधी दोन मात्रा थांबून येणारा एक रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून), गाण्याला असा बसला होता की मला ऐकवेना. "दाखवलं का नाहीस?" मी विचारलं. "कुणी मागितलंच नाही," तो म्हणाला.

म्हणून पहिलं काम: बेसवाल्याला भेट. एकट्याला. "तुला काय ऐकू आलं?" एवढंच विचार आणि मग खरंच ऐक. ड्रमरला आवडलं हे बरं वाटण्यासारखं आहे, पण जो बोलला नाही त्याच्याकडे बहुधा जास्त सांगण्यासारखं असेल.

दुसरं काम दादाकडे जाणं. लॅपटॉप नेऊ नकोस. समजूत घालायला किंवा 'आपण कुठे चाललोय' अशी मोठी चर्चा करायलाही जाऊ नकोस. त्याला एकच प्रश्न विचार: "तिसऱ्या गाण्यात नेमकं कुठल्या जागी तू हेडफोन काढलास?" त्याला मिनिट-सेकंद आठवेल, गिटारवाल्यांना आठवतं. आणि त्याने जागा सांगितली की "का?" विचारायची घाई करू नकोस. घरी येऊन ती जागा दहा वेळा ऐक.

मग सहापैकी दोन गाणी निवड, फार तर तीन. ती उघड आणि खालचा सिंथ पूर्ण बंद कर. वरचा थर ठेवायचा असेल तर ३०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाक. मशीनचे ड्रम काढ, नुसता ठोका ठेव. तुझ्या आवाजाचा एकच पदर राहू दे. हे ऐकायला फार उघडं-वाघडं वाटेल, तुला झाकून घ्यावंसं वाटेल. झाकू नकोस. हेच तिघांना पाठव, सोबत फक्त लय आणि पट्टी लिही. 'इथे गिटार अशी हवी' असं एक अक्षरही लिहू नकोस.

आठवड्याने चौघं एका खोलीत या. मधोमध एक फोन रेकॉर्डिंगवर ठेवा. प्रत्येक गाणं पाच-सहा वेळा वाजवा, मधे चर्चा नको. एक नियम मात्र आधी ठरवा: 'हे मेटल नाही' आणि 'हे जुनाट वाटतं' ही दोन वाक्यं त्या खोलीत बोलायची नाहीत. त्याऐवजी 'इथे मला काय वाजवू कळत नाही' असं म्हणायचं. हे वाक्य ऐकल्यावर बाकीच्यांना काहीतरी करता येतं, पहिल्या दोन वाक्यांवर नुसतं भांडता येतं. रेकॉर्डिंग त्या दिवशी ऐकू नका. दुसऱ्या दिवशी आपापल्या घरी ऐका.

हे दोन-अडीच महिने करून बघा. एका तालमीत काही सिद्ध होत नाही, पहिली तालीम तर बहुतेक वाईटच होईल. दादा तुझ्या हळव्या ओळीवर जडशीळ रिफ घालेल आणि तुला वाटेल, बघा, याला कळतच नाही. तेव्हा आवाज चढवून त्याच्यावर मात करायचा मोह होईल. उलट कर, आणखी हळू गा. माइकच्या अगदी जवळ जा आणि त्या वजनाच्या वर तरंगता येतंय का बघ. मोरेनो पंचवीस-तीस वर्षं हेच करतोय, आणि तुला त्या अल्बममध्ये जे आवडलं ते हेच आहे, अशी माझी जवळजवळ खात्री आहे.

स्वतःलाही एक प्रश्न विचारायला हवास. हा बदल कुणासाठी? २०००मध्ये 'व्हाइट पोनी' आल्यावर रेकॉर्ड कंपनीला त्यात चालणारं गाणं दिसेना. तिच्या आग्रहाखातर बँडने अल्बममधलं शेवटचं, संथ गाणं बदलून एक रॅप असलेलं चटपटीत गाणं केलं आणि त्याच वर्षी ते जोडून अल्बम पुन्हा काढला. गाणं वाईट नाही, पण मूळ गाण्यांसोबत ते उपरं वाटतं. तो बदल बाहेरून आला होता. तुझा बदल आतून आलाय असं तुझ्या पत्रातून वाटतं. पण 'प्रगल्भ' हा शब्द तू पाच वेळा वापरलायस, तेव्हा जरा थांबावंसं वाटलं. ही गाणी तुला गायची आहेत, की कुणाच्या तरी नजरेत मोठं दिसायचं आहे? सहापैकी कुठलं गाणं तू कुणीच ऐकणार नसलं तरी गाशील? तालमीला न्यायचं पहिलं गाणं ते.

एकटीने करायच्या वाटेला माझा विरोध नाही. किंबहुना उरलेली तीन-चार गाणी तू स्वतःच्या नावाने कर असंच मी सांगेन. मोरेनोचीही अशी दुसरी घरं आहेत. 'टीम स्लीप' आहे, 'क्रॉसेस' आहे, ज्याचा दुसरा अल्बम २०२३मध्ये आला. सगळं एकाच बँडकडून करून घ्यायचा हट्ट सुटला की बँडवरचा ताण कमी होतो. पण २००५ची गोष्टही लक्षात ठेव. तेव्हा दुखणं दुसऱ्या प्रकल्पाचं नव्हतं. पहिलं काम टांगणीला ठेवून तो तिकडे गेला, ते दुखलं. तेव्हा तिघांना आधी सांग, तारखा सांग, आणि त्यांच्या तालमीचे दिवस त्यात खाऊ नकोस. लपवून केलेलं साधं गाणंही बाहेर आलं की दगा वाटतो.

आणि समज, अडीच महिने झाले, दादा आला, वाजवलं, मनापासून वाजवलं, तरी दोघांनाही ते आपलं वाटलं नाही. असंही होतं. फेथ नो मोर या बँडचा १९९२चा 'एंजल डस्ट' हा या सगळ्या संगीतातला थोर अल्बम आहे, आणि त्याच्या दिशेवर गिटारिस्ट जिम मार्टिन खूश नव्हता. पुढच्या वर्षी तो बँडबाहेर गेला. त्यामुळे अल्बम कमी ठरला नाही आणि मार्टिनने त्याच्यावर जे वाजवलं तेही कमी ठरलं नाही. वेगळं व्हायची वेळ आलीच तर आधी बसून लिहून ठेवा: बँडचं नाव कुणाकडे राहणार, पहिल्या अल्बमची गाणी पुढे कोण गाणार, श्रेय कसं लिहायचं. हे मैत्री शाबूत असतानाच लिहायचं, म्हणजे ती शाबूत राहायला मदत होते. पण तू आज त्या टप्प्यावर आहेस असं मला वाटत नाही. तुम्ही अजून एकदाही ही गाणी एकत्र वाजवलेली नाहीत.

अशी पत्रं मला दादाच्या बाजूनेही येतात, कुणी गिटारवाला, कुणी नाटकमंडळीतला जुना गडी, म्हणून त्यांच्यासाठीही दोन शब्द. कुणी तुम्हाला पूर्ण झालेली गोष्ट दाखवली आणि त्यात आपण नाही असं वाटलं, तर 'हे आपलं नाही' म्हणून थांबू नका. 'यात मी कुठे बसू?' असं विचारा. मोठ्या माणसाला हे विचारणं जड जातं, ते मला ठाऊक आहे. पण धाकटी माणसं त्या एका प्रश्नाची फार वाट बघत असतात.

तुझ्या पत्राच्या शेवटी, सहीच्या खाली, एक ओळ आहे: "दादाने मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, ओरडायच्या आधी श्वास ऐकू आला पाहिजे." तू ती सहज लिहिलीस. ती वाचून मी तुझी सहा गाणी कशी असतील याचा विचार करत बसले. हळू आवाजात गायचं तुझ्या डोक्यात पहिल्यांदा कुणी घातलं, ते तूच लिहून ठेवलंयस. बेसवाल्याला आजच फोन कर. आणि खोलीतल्या त्या फोनवरचं रेकॉर्डिंग, दुसऱ्या-तिसऱ्या तालमीचं, कच्चं असलं तरी मला पाठव. दादाने कुठे थांबून वाजवायला सुरुवात केली, ते मला ऐकायचं आहे.